आर शून्य आला, पण वाळू ओलीच होती

गेल्या वर्षी मृगाच्या आधीची गोष्ट. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीचं काम बघतो. डिप्लोमा करून नुकताच लागलेला एक ट्रेनी तीन महिन्यांचा डेटा घेऊन लॅबमध्ये आला. एका रकान्यात मोल्डिंगच्या वाळूतला ओलावा, शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचं रिजेक्शन, म्हणजे नापास झालेल्या कास्टिंगची (ओतीव भागांची) टक्केवारी. एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकून त्यानं दोन्हींमधला सहसंबंध, म्हणजे ज्याला आर (r) म्हणतात तो आकडा, काढला होता. उत्तर आलं होतं 0.02.

"सर, ओलाव्याचा आणि रिजेक्शनचा काय संबंधच नाही. रिपोर्टमधनं हा रकाना काढला तर चालंल काय? रोज चारदा टेस्ट घ्यायचा वेळ तरी वाचंल."

मोल्डिंगचे मिस्त्री तिथंच उभे होते, हातात मूठभर वाळू घेऊन. ते काही बोलले नाहीत. मूठ घट्ट आवळली, उघडली. तळहातावर वाळूचा गोळा, त्यावर चारही बोटांचे ठसे स्पष्ट उमटलेले. मग दोन्ही हातांनी तो गोळा मधोमध मोडला. कड न ढासळता सरळ तुटली. "ही बरोबर हाय," ते म्हणाले. "सकाळच्याला बघायला पायजे हुती. हाताला चिकटत हुती. त्या बॅचच्या बॉक्सला ब्लोहोल येणार म्हंजे येणार."

पोरगा गोंधळला. एकीकडे कॉम्प्युटर सांगतोय संबंध नाही, दुसरीकडे तीस वर्षं वाळूत हात घातलेला माणूस सांगतोय की आहे. मी त्याला म्हटलं, दोघंही खरं बोलतायत. फक्त कॉम्प्युटरला तू जे विचारलंस ते वेगळं होतं. त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं ते इथं सविस्तर लिहितोय. सहसंबंधाचा हा एक आकडा फौंड्रीपासून धरणापर्यंत सगळीकडे वापरला जातो, आणि तो काय सांगत नाही हे माहीत नसलं तर त्याची किंमत कधीकधी फार मोठी पडते.

आधी वाळूचं बघू. ग्रीन सँड म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी, मुलर नावाच्या यंत्रात एकत्र मळलेलं. पाणी साधारण 3 ते 4 टक्के. त्याहून कमी झालं की बेंटोनाइट नीट चिकटत नाही, साच्याच्या कडा ढासळतात, सुटी वाळू कास्टिंगमध्ये अडकते. जास्त झालं की 1,400 अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड साच्यात पडताच पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट पुरत नाही, आणि कास्टिंगच्या पोटात पोकळ्या राहतात. त्याच ब्लोहोल. म्हणजे कोरडी वाळूही वाईट आणि ओलीही वाईट. चांगली ती मधली.

आता समजण्यापुरते पाच आकडे घेऊ. ओलावा 2.5, 3, 3.5, 4 आणि 4.5 टक्के. रिजेक्शन अनुक्रमे 9, 4, 2, 4 आणि 9 टक्के. कुणालाही दिसेल की ओलावा ठरवला की रिजेक्शन ठरलंच. याहून पक्का संबंध असूच शकत नाही. आता आर काढू. ओलाव्याची सरासरी 3.5. तिच्यापासूनची अंतरं: वजा 1, वजा 0.5, 0, 0.5, 1. रिजेक्शनची सरासरी 5.6. तिच्यापासूनची अंतरं: 3.4, वजा 1.6, वजा 3.6, वजा 1.6, 3.4. जोडीजोडीनं गुणाकार करा: वजा 3.4, 0.8, 0, वजा 0.8, 3.4. बेरीज शून्य. म्हणजे आर बरोब्बर शून्य.

या गणितातच आरचा सगळा स्वभाव आहे. प्रत्येक जोडीला तो विचारतो: दोघंही आपापल्या सरासरीच्या एकाच बाजूला आहात का? एकाच बाजूला असाल तर अधिक, उलट बाजूंना असाल तर वजा. सगळ्यांची बेरीज करून ती अशी मापात बसवली जाते की उत्तर वजा 1 ते अधिक 1 च्या आतच यावं. आमच्या वाळूत डावीकडची जोडी जेवढं वजा करते, उजवीकडची तेवढंच अधिक करते, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. "संबंध आहे का?" हा आरचा प्रश्नच नाही. "सगळे ठिपके एका सरळ रेषेच्या किती जवळ आहेत?" एवढंच तो विचारतो. सरळ रेषेशिवाय दुसरा आकार त्याला ओळखता येत नाही.

ही कल्पना फ्रान्सिस गॉल्टन यांची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आईवडिलांची उंची आणि मुलांची उंची यांचा मेळ ते बघत होते. कार्ल पिअर्सन यांनी तिला आजचं गणिती रूप दिलं. उंचीसारख्या गोष्टीत ठिपक्यांचा ढग खरोखरच लांबट, गुळगुळीत अंड्यासारखा असतो, आणि तिथं हा एक आकडा जवळजवळ सगळं सांगून जातो. अडचण येते ती हाच आकडा तिथून उचलून कुठल्याही ढगाला लावला की. 1973 मध्ये फ्रँक अँस्कम या संख्याशास्त्रज्ञानं 11 ठिपक्यांचे चार संच बनवून दाखवले. चारही संचांत आर 0.816. कागदावर काढले तर एक साधा विस्कटलेला ढग, एक कमान, एक सरळ रेषा जिच्यातला एकच ठिपका भरकटलाय, आणि चौथ्यात दहा ठिपके एकावर एक उभे आणि अकरावा लांब कोपऱ्यात. म्हणून आमच्या लॅबमध्ये माझा नियम आहे: आलेख नाही तर आरही नाही.

इथपर्यंतचं बऱ्याच जणांनी कॉलेजात ऐकलेलं असतं. विश्वासार्हतेच्या हिशेबात, म्हणजे एखादी यंत्रणा बंद पडण्याची शक्यता किती हे काढताना, गोष्ट याच्या बरीच पुढं जाते.

कोल्हापूरकराला महापूर समजावून सांगावा लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फूट झाली की इशारा, 43 फूट झाली की धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पाणी 50 फुटांच्याही पुढं गेलं. नदीकाठची उपसा केंद्रं पाण्यात गेली, आणि चहूकडे पाणीच पाणी असताना शहराला प्यायला टँकरची वाट बघावी लागली. घागरी घेऊन त्या रांगेत मीही उभा राहिलोय, म्हणून पुढचं गणित माझ्यासाठी नुसतं वहीतलं नाही.

समजा, नदीकाठी दोन पंप आहेत. एक चालू असला तरी काम भागतं, दुसरा जोडीला. कुठल्याही एका दिवशी एक पंप बंद असण्याची शक्यता हजारात 1 धरू. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत 1. दिवसांत मोजलं तर साधारण 2,700 वर्षांतून एकदा. हा आकडा बघून कुणीही निश्चिंत होईल.

आता नोंदवही उघडा. 10,000 दिवसांत, म्हणजे 27 वर्षांत, पहिला पंप 10 दिवस बंद होता. दुसराही 10 दिवस. त्यातला एकच दिवस दोघांचा सामायिक होता. बंद असण्याला 1 आणि चालू असण्याला 0 लिहून आर काढला तर उत्तर येतं जेमतेम 0.1. परीक्षेच्या पेपरात 0.1 आला की मुलं "सहसंबंध नगण्य" असं लिहून मोकळी होतात. आणि इथं त्याच नगण्य 0.1 नं दोन्ही पंप एकदम बंद पडण्याची शक्यता दहा लाखांत 1 वरून दहा हजारांत 1 वर आणली. शंभर पट. 2,700 वर्षांऐवजी 27 वर्षं.

असं का होतं? दुर्मीळ गोष्टींत "काहीच संबंध नाही" याचा अर्थ फार कडक असतो. दहा लाखांत 1 हा मजला इतका खाली आहे की सामायिक कारणाचा एक थेंब पडला तरी तो बुडतो. आर मात्र वजा 1 ते अधिक 1 अशा पट्टीवर मोजला जातो, आणि त्या पट्टीवर 0 आणि 0.1 डोळ्यांना शेजारी शेजारी दिसतात. पट्टीच इथं चुकीची आहे.

याहून महत्त्वाचा प्रश्न: तो एक सामायिक दिवस कुठला होता? बाकीच्या नऊ-नऊ दिवसांत कधी बेअरिंग गेलं, कधी मोटर जळली, कधी गाळ अडकला. ज्याचं त्याचं कारण. सामायिक दिवशी नदी मोटरच्या वर चढली होती. तिथं तिसरा पंप बसवला असता तर? "संबंध नाही" धरून केलेल्या हिशेबात शक्यता आणखी हजार पटीनं खाली जाते, शंभर कोटींत 1. प्रत्यक्षात तिसरा पंपही त्याच पाण्यात गेला असता, आणि शक्यता दहा हजारांत 1 च राहिली असती. जोडीला यंत्रं वाढवून सुरक्षितता वाढते ती पहिल्या प्रकारच्या बिघाडांपुरती. दुसऱ्या प्रकाराला उपाय एकच: मोटर आणि पॅनेल पुराच्या रेषेवर उचलून घेणं. हे आर सांगत नाही. पूररेषेची उंची सांगते.

2011 मध्ये जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात हेच घडलं, फार भयंकर रूपात. भूकंपानं बाहेरची वीज गेली तेव्हा आपत्कालीन डिझेल जनरेटर सुरू झाले होते. एकाला दुसरा पर्याय होता. पण बहुतेक जनरेटर आणि विजेची पॅनेल खालच्या पातळीवर होती, आणि त्सुनामीचं पाणी सगळीकडे एकदमच शिरलं. सहाव्या युनिटचा हवेनं थंड होणारा एक जनरेटर जरा उंचावर होता, तो चालू राहिला. त्याच्या विजेवर पाचवं आणि सहावं युनिट वाचलं. पहिल्या तीन युनिटांचे गाभे वितळले.

या धंद्यातली जाणती माणसं म्हणून आरऐवजी दुसरी एक साधी गोष्ट विचारतात: एकूण बिघाडांपैकी किती बिघाड असे आहेत, की जे झाले तर सगळ्या जोड्या एकदम घेऊन जातात? या हिश्श्याला बीटा फॅक्टर म्हणतात. माहिती नसेल तर सुरुवातीला दहाव्या हिश्श्यासारखा मोठा आकडा धरतात आणि मग एकेक कारण शोधून तो खाली आणतात: केबल एकाच नळीतून जाते का, दोन्हींची देखभाल एकच माणूस एकाच दिवशी करतो का, दोन्ही एकाच पातळीवर उभे आहेत का. मला ही पद्धत आवडते ती यासाठी की ती माणसाला कॉम्प्युटरसमोरून उठवून जागेवर जाऊन बघायला लावते.

पुराचंच आणखी एक सांगतो. पंचगंगा ही कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती, अशा पाच नद्यांची. संगम प्रयाग चिखलीला. आता भोगावती आणि कासारी या दोघींच्या रोजच्या पाण्याचा सहसंबंध काढायचा झाला तर काय दिसेल? साध्या दिवसांत पाऊस तुकड्या-तुकड्यांनी पडतो. आज राधानगरीकडं सर, उद्या पन्हाळ्याच्या बाजूला. एक चढते तेव्हा दुसरी चढेलच असं नाही. वर्षातले बहुतेक दिवस असेच, म्हणून आर मध्यम येईल. पण सह्याद्रीवर जेव्हा आठवडाभर झड लागते तेव्हा ती घाटमाथ्यावर सगळीकडेच लागते. त्या दिवसांत सगळ्या नद्या एकदम चढतात, आणि महापूर येतो तो नेमका त्याच दिवसांत.

सरासरीच्या दिवसांत सैल आणि टोकाच्या दिवसांत घट्ट, अशा या नात्याला संख्याशास्त्रात शेपटीतलं अवलंबित्व म्हणतात. शेपटी म्हणजे आलेखाचं दूरचं टोक, जिथं क्वचित घडणाऱ्या गोष्टी असतात. आर हा सगळ्या ठिपक्यांचा मिळून एक आकडा. 365 पैकी 355 साधे दिवस त्याचा कल ठरवतात, आणि आपल्याला ज्याची भीती आहे ते 10 दिवस त्या गर्दीत हरवतात.

याहून वाईट म्हणजे, हातात नुसता आर असला की इंजिनिअर सहसा पुढचं चित्र घंटेच्या आकाराच्या वक्रानं, म्हणजे नॉर्मल वितरणानं भरून काढतो. कारण गणित सोपं होतं आणि सॉफ्टवेअरमध्ये ते तयारच असतं. या नॉर्मल जोडणीचा एक गुणधर्म मात्र फार कमी जणांच्या ध्यानात असतो. आर 1 पेक्षा थोडा जरी कमी असला, अगदी 0.9 असला, तरी जसजसं टोकाकडे जावं तसतसं "एक टोकाला गेला तर दुसराही टोकाला असेल" ही शक्यता शून्याकडे सरकत जाते. म्हणजे निसर्ग टोकाला गाठ आवळतो आणि आपलं गणित टोकाला गाठ सोडतं. 2008 च्या आर्थिक संकटाआधी अमेरिकेत घरकर्जांच्या गठ्ठ्यांची जोखीम मोजताना हीच जोडणी सर्रास वापरली गेली होती. घरं एकेकटी बुडतील असं हिशेबात धरलं होतं, आणि ती एकदम बुडाली.

टोकाला काय चाललंय हे बघायला मोठं गणित लागतंच असं नाही. 1,000 दिवसांच्या नोंदी घ्या. पहिल्या नदीचे सगळ्यात जास्त पाण्याचे 50 दिवस वेगळे काढा. दुसरीचेही 50. दोन्ही याद्यांत सामायिक दिवस किती, ते मोजा. काहीच नातं नसतं तर 50 गुणिले 50 भागिले 1,000, म्हणजे दोन-तीन दिवस निघाले असते. वीस-पंचवीस निघाले तर आर काहीही म्हणो, टोकाला त्या दोघी हातात हात घालून चालतायत. मग 50 ऐवजी 20 दिवस घेऊन पुन्हा मोजा. सामायिक दिवसांचा वाटा टिकून राहतो की विरतो, हे बघा. वहीपेन घेऊन हे तासाभरात होतं.

राधानगरी धरणाचं उदाहरण तर यात आणखी एक पीळ घालतं. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी. धरण भरेपर्यंत वर कितीही पाऊस पडो, दरवाजांतून थेंब नाही. भरल्यावर मात्र तोच पाऊस थेट खाली. पाऊस आणि दरवाजांतला विसर्ग यांचा अख्ख्या हंगामाचा एक आर काढला तर तो कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय? भरण्याआधीच्या नाही आणि नंतरच्याही नाही. उंबरठा असलेल्या प्रत्येक यंत्रणेचं हे असंच असतं. सेफ्टी व्हॉल्व्ह असो, फ्यूज असो, धातूची शक्ती संपून तो वाकायला लागण्याची घडी असो. उंबरठ्याच्या अलीकडचा डेटा पलीकडची हमी देत नाही.

आणि कधीकधी डेटा अलीकडचाही पुरा नसतो. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत फुटलं, सात जण गेले. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर ढकलणाऱ्या रॉकेटच्या, सांध्यातली रबराची कडी, ओ-रिंग, थंडीनं ताठ झाली होती. आदल्या रात्री इंजिनिअरांनी हा धोका मांडला होता. त्यांच्यापुढं प्रश्न होता तापमान आणि ओ-रिंगचं नुकसान यांचा संबंध दाखवायचा. नुकसान झालेली उड्डाणं तेवढी बघितली तर ती थंडीतही होती आणि उबदार दिवसांतही, 12 अंश सेल्सियसपासून 24 पर्यंत. संबंध असा दिसत नव्हता. पण नुकसान न झालेली उड्डाणंही त्यात मिळवली की चित्र पालटतं. नंतर चौकशी आयोगानं तेच दाखवलं: सांध्याचं तापमान साधारण 19 अंश किंवा जास्त असताना झालेल्या 20 उड्डाणांपैकी तीनमध्ये त्रास, आणि 17 किंवा त्याखालच्या चारपैकी चारही उड्डाणांत. त्या सकाळी सांधा शून्याच्या आसपास होता, आधीच्या कुठल्याही उड्डाणापेक्षा कितीतरी थंड.

आमच्याकडेही ही चूक रोज होते, फक्त तिथं माणसं मरत नाहीत. रिजेक्ट झालेल्या पीसचीच माहिती लॅबकडे येते. चांगल्या पीसचं केमिकल कुणी बघत नाही. मग रिजेक्ट पीसमध्ये "अमुक घटकाचा काही संबंध दिसत नाही" असा रिपोर्ट जातो. जे वाचले त्यांची नोंद ठेवल्याशिवाय जे गेले ते का गेले हे कळणार कसं?

आता डिझाइनवाल्यांसाठी थोडं. एखाद्या ब्रॅकेटची ताकद सरासरी 500 मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), तिच्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, 40. त्यावर येणारा ताण सरासरी 350, चढउतार 30. दोन्ही नॉर्मल आणि एकमेकांशी संबंध नाही असं धरलं तर ब्रॅकेट मोडायची शक्यता साधारण 740 त 1. आर 0.5 धरला तर ती 60,000 त 1 पेक्षाही खाली जाते. वजा 0.5 धरला तर दीडशेत 1 च्या आसपास. तेच ब्रॅकेट, तीच ताकद, तोच ताण. एका गृहीत आकड्यानं उत्तर चारशे पटींनी हलतं.

कुठला आर खरा? त्यासाठी कारण माहीत पाहिजे. कास्टिंगची भिंत जाड असेल तर ताण कमी येतो, पण जाड भाग हळू थंड होतो म्हणून ताकदही कमी. दोन्ही एकत्र खाली, म्हणून आर अधिक. उलट, इंजिनाशेजारच्या तापणाऱ्या भागात उष्णतेनं ताकद घटते आणि उष्णतेनंच ताण वाढतो, म्हणून आर वजा. आणि समजा नमुने तोडून बघून आर काढायचा म्हटलं, तर 20 नमुन्यांवरून आलेला 0.5 खरं तर 0.07 ते 0.77 च्या दरम्यान कुठंही असू शकतो. 20 नमुने तोडायलाच मालक नाखूश असतात. अशा आकड्याच्या जोरावर 60,000 त 1 असं छातीठोकपणे लिहिणं मला पटत नाही. तिथं शून्य आणि वजा दोन्ही धरून बघावं, आणि त्यातलं वाईट उत्तर पुढं ठेवावं.

दोन गोष्टी उरकतो. एक, दोन ग्रेडचं मटेरियल एकाच शीटमध्ये मिसळलं की कडकपणा आणि ताकद यांचा आर 0.9 सहज येतो. ग्रेड वेगळे करून बघितलं की एकेका ग्रेडमध्ये तो कधीकधी शून्याजवळ येतो. तो 0.9 नुसता "हे दोन ग्रेड वेगळे आहेत" एवढंच सांगत होता. दोन, आयुष्याचे आकडे, म्हणजे बेअरिंग किती तास चाललं वगैरे, बऱ्याचदा एका बाजूला लांब ओढलेले असतात. अशा काही जोड्यांत नातं अगदी पक्कं असलं तरी आर 1 पर्यंत पोचूच शकत नाही. लॉगनॉर्मल नावाच्या अशाच लांब ओढलेल्या वितरणाच्या एका नेहमीच्या उदाहरणात तो 0.67 च्या वर जात नाही. तिथं 0.6 बघून "मध्यम संबंध" म्हणणारा फसतो. अशा वेळी चार्ल्स स्पिअरमन यांचा 1904 चा क्रमावरचा सहसंबंध किंवा मॉरिस केंडल यांचा 1938 चा बरा. ते आकड्यांऐवजी नंबर लावून बघतात. पण वाळूसारख्या मधे चांगल्या आणि दोन्हीकडे वाईट गोष्टीत तेही शून्यच देतात, आणि टोकाचं तेही सांगत नाहीत.

मी आर वापरायचा सोडलेला नाही. एकाच ग्रेडच्या, एकाच भट्टीच्या, रोजच्या मर्यादेतल्या आकड्यांत दोन मापं सरळ रेषेत चालतायत का, नवं टेस्टिंग मशीन जुन्याशी जुळतंय का, यासाठी तो उत्तम आहे. रोजच्या दिवसाबद्दल त्याला विचारावं.

ट्रेनीला मी आलेख काढायला लावला. ठिपक्यांची वाटी दिसली तेव्हा तो खुर्ची ओढून बसलाच. मग त्याला सांगितलं, सगळ्यात जास्त रिजेक्शनचे दहा दिवस काढ आणि प्रत्येकासमोर जे जे माहीत आहे ते लिही. दोन दिवस लागले त्याला. दहांपैकी तीन दिवस वाळू कोरडी होती, सात दिवस ओली. त्या सातपैकी सहा दिवस साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचे, आणि ओलाव्याचा आकडा पहिल्या पाळीचा.

मिस्त्रींनी यादी हातात घेतली, थोडा वेळ बघत राहिले. "सुट्टीनंतर वाळू थंड असती," ते म्हणाले. "एरवी गरम वाळूतनं पाणी उडून जातंय, म्हणून मुलरवाला जास्त सोडतोय. त्याला सवय झालीया. थंड वाळूला तेवढंच सोडलं की ती चिकटणारच की."

आता मुलरच्या पाण्याच्या व्हॉल्व्हला एक पुठ्ठा बांधलेला आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या बॅचना पाणी किती सोडायचं ते त्यावर स्केचपेननं लिहिलंय, अक्षर ट्रेनीचं. रिपोर्टमधला ओलाव्याचा रकाना तसाच राहिला, आणि त्याच्या शेजारी एक नवा आला: वाळूचं तापमान.